लांडगा, आजी आणि गुळाची भेली

रुपाला बघायला पाहुणे यायचे होते, म्हणून तिच्या बापानं, शंकरसिंगनं आखाडा बाळापूरहून रंगीत टीव्ही आणि सीडी प्लेअर भाड्यानं आणला. आधीची दोन स्थळं रुपाच्या तोंडामुळंच परत गेली होती. पोरगी बोलते फार! या खेपेला पाहुणे सिनेमात रमावेत आणि रुपावर बोलायची पाळीच येऊ नये, असा त्याचा बेत. सीडीच्या कव्हरावर टोपडं घातलेली गोड पोरगी, तिची आजी आणि एक लांडगा. लेकरांची गोष्ट! यात काय वाईट असणार?

नवऱ्या मुलाचे वडील नेमसिंग, आजी मोतीबाई आणि खुद्द कुलदीप बाजेवर बसले. मोतीबाईच्या मांडीशी गुळाची भेली ठेवली होती. पोरगी पसंत पडली की भेली फोडायची, सगळ्यांनी गूळ खायचा. एकदा गूळ खाल्ला की लग्न पक्कं, मग कुणाच्या बापाला मोडता येत नाही, अशी तांड्याची रीत.

सिनेमा सुरू झाला. पोरगी आजीच्या घरी गेली. आजी पांघरूण घेऊन निजलेली. इथवर सगळं बराबर होतं. मग पांघरूण उडालं आणि आजीनं खालून मशीनगन काढली! छप्पर फोडून चाळीस लांडगे उतरले, एकेकाला दोन-दोन तोंडं. पोरीनं टोपडं भिरकावून कुऱ्हाड उचलली.

"आगं माय!" मोतीबाई किंचाळली.

शंकरसिंगला घाम फुटला. "बंद करू का?"

"खबरदार!" नेमसिंग गरजला. "काय म्हातारी हाये राव! असा सिनेमा जलमात पाह्यला न्हाई. आपले हिरो पाणी भरतेत हिच्यापुढं!"

"मामा, आता विहिरीतून मोठा लांडगा येते बघा," दारामागून रुपा बोललीच.

शंकरसिंगनं डोळे वटारले.

"तुला काय म्हाईत?" नेमसिंगनं विचारलं.

"विहिरीचं झाकण हलून राहिलं ना मघापासून!"

आणि आला की लांडगा! मग काय, नेमसिंग विचारतोय, रुपा सांगतेय. सांगता सांगता ती पाहुण्यांपुढंच मांडी घालून बसली. शंकरसिंगनं कपाळाला हात लावला. गेलं, हेही स्थळ गेलं.

तेवढ्यात मोठ्या लांडग्यानं थेट पडद्यातून बाहेर आल्यासारखी झेप घेतली. मोतीबाईनं हाताला लागेल ते फेकून मारलं. भेली टीव्हीच्या स्टुलावर आपटून फुटली. कुणाची नजर हलली नाही, पण खडे हाताला लागले आणि तोंडात गेले.

सिनेमा संपला तसा नेमसिंग चघळता चघळता थांबला. "आई... गूळ खाल्ला आपण."



"पण पोरीला काही विचारलंच न्हाई तुमी," शंकरसिंग भाबडेपणानं बोलून बसला आणि त्यानं जीभ चावली.

"आन् काय विचारायचं?" मोतीबाई म्हणाली. "चाळीस लांडगे मेले, हिनं एकदाबी डोळे मिटले न्हाई. अशीच पाहिजे मला. आमचं पोरगं तर..." तिनं शेजारी पाहिलं. "आरं, कुलदीप कुठाय?"

बाजेखालून आवाज आला, "मोठा मेला का?"

रुपानं वाकून बघितलं. पोरगं देखणं होतं, घामाघूम झालं होतं. गूळ न खाल्लेले आता दोघंच राहिले होते, बाजेखालचा तो आणि बोलण्यात गुंगलेली ती. तिनं स्टुलापाशी पडलेला एक खडा उचलून दातानं तोडला, अर्धा स्वतः खाल्ला.

"मेला. या भायेर," उरलेला अर्धा पुढं करत ती म्हणाली, "आन् हे खा."