ससाणा सरांची गोळी

"माझ्या वर्गात कॉपी? अहो, भिंतीवरची पालसुद्धा शेजारच्या पालीकडे बघत नाही!"

गणिताचे सर शिक्षकांच्या खोलीत असं छातीठोकपणे सांगत, आणि ते खोटंही नव्हतं. पोरं उगाच त्यांना 'ससाणा' म्हणत नसत.

पण नेमकं वार्षिक परीक्षेच्या सकाळी सरांचं नाक फुटक्या नळासारखं वाहू लागलं. शिंका तर अशा, की घरचं मांजर कपाटावर चढलं ते उतरेचना!

"आज राहू द्या हो शाळा," बायको म्हणाली.

"बी दाही राहडार घरी! आज भरारी पथक येडार आहे!"

वाटेत त्यांनी औषधाच्या दुकानातून गोळ्या घेतल्या. "रात्रीच घ्या हं, फार झोप येते," दुकानदाराने बजावलं. पण सरांचे कान ठार चोंदलेले! 'रात्रीच' आणि 'झोप' दोन्ही बाहेरच राहिले. दुकानाच्या पायरीवरच त्यांनी एक गोळी गिळली. शाळेत पोचल्यावर कारकूनबाईंनी पर्समधून आणखी एक दिली. डबी वेगळी, रंग वेगळा, औषध मात्र तेच. सरांनी तीही गिळली!

पेपर वाटून झाले आणि काय आश्चर्य, नाक कोरडं ठणठणीत! सर खूश झाले. जरा टेकावं म्हणून खुर्चीत बसले आणि पाचव्या मिनिटाला चष्मा ओठांवर लोंबू लागला.

"गेले की काय रे?" पहिल्या बाकावरची मुलगी घाबरली.

"छे! घोरतायत!"

मग काय! आधी नुसत्या माना वळल्या, मग पेपर फिरले, आणि शेवटी एक धीट पोरगा खडू घेऊन सरळ फळ्यावर चौथं गणित सोडवायला लागला.

तेवढ्यात दार उघडलं. पथकाच्या बाई!

"हे काय चाललंय?"

"बाई, हळू बोला ना," पोरगा कुजबुजला, "सरांना बरं नाहीये."

सर दचकून उठले. समोर फळा, फळ्यावर गणित, आणि गणितात चूक! वीस वर्षांची सवय. अर्धवट झोपेतच त्यांनी पोराच्या हातातला खडू हिसकावला.

"गाढवा, इथे वजा चिन्ह येतं!"

आणि शेवटच्या पायरीपर्यंत गणित सोडवून उत्तराखाली दोन ठसठशीत रेघा मारल्या. सगळा वर्ग भराभरा उतरवून घेत होता. बाईही लिहीत होत्या, पण त्यांच्या अहवालात.

फेरपरीक्षा झाली, तेव्हा सरांना फक्त बाकांवर नंबर चिकटवायचं काम मिळालं. मुख्याध्यापकांनी तासभर झाडलं. निघताना सर दारात थांबून हळूच म्हणाले,

"पण सर... उत्तर बरोबर होतं ना?"