कुणी बसलंय का हितं?

अंबादासअण्णा रिकाम्या खुर्चीवरही विचारल्याशिवाय बसत नाहीत. होटगी रोडवरच्या आमच्या ऑफिसचं कुलूप रोज तेच उघडतात. आत चिटपाखरू नसतं, तरी स्वतःच्या खुर्चीपाशी उभे राहून म्हणतात, "कुणी बसलंय का हितं?" मी जिन्यातून ऐकलंय म्हणून सांगते. हॉटेलात अख्खं टेबल मोकळं असलं तरी वेटरला विचारणार. तो हसला की म्हणणार, "विचारायला काय जातंय?"

असा माणूस कोड कसा लिहीत असेल बघा. आम्ही ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलवर काम करतो. कुठल्या प्रोग्रामला मेमरीतली कुठली जागा द्यायची हे कर्नल ठरवतो. देण्याआधी ती मोकळी आहे ना, हे तपासायचं असतं, नाहीतर दोन प्रोग्राम एकाच जागेवर बसतात आणि मशीन बंद पडतं. एकदा तपासलं की भागतं. अण्णा तीनदा तपासतात.

या जादा तपासण्या काढायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसात नवी असल्यामुळे मलाही साहेबांना काहीतरी करून दाखवायचं होतं. एक काढली. दुसरीवर अण्णा अडून बसले.

"अण्णा, वरच्या फंक्शननं आत्ताच विचारलंय की."

"त्यानं विचारलं. आपण कुटं विचारलं?"

"उत्तर 'मोकळी' असंच येणार ना?"

"लई वेळा तेच येतंय. एखाद्या वेळी न्हाई."

"ती एखादी वेळ कधी आलीय, दाखवा."

अण्णांना दाखवता येईना. उद्या तपासणीची ती ओळ काढते म्हणून मी जरा तोऱ्यातच उठले.

त्या गडबडीत त्यांचा चार्जर माझ्या पिशवीत आला, म्हणून संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. पलंगावर त्यांच्या आई शेंगा फोडत बसल्या होत्या. समोर वेताची खुर्ची होती. मी टेकणार तोच अण्णांनी हात आडवा घातला.

"आई, कुणी बसलंय का हितं?"

आईंनी मान वर केली. "तुजं आप्पा बसल्यात की. दिसंना व्हय?"

"व्हय की. चुकलं माजं," म्हणत अण्णा मागे सरकले. आप्पांना जाऊन चार वर्षं झाली होती, हे ऑफिसात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

स्वयंपाकघरात चहा गाळताना अण्णा हळूच म्हणाले, "लई वेळा म्हणती, बस, ते भायेर गेल्यात. मग बसतो. एकदा न विचारताच बसलो. बापाला उठवलंस म्हणून दोन दिस जेवली न्हाई गं. तवापासनं कुटंबी तोंडातनं निघतंयच."

मला माझीच लाज वाटली. आम्ही दोघांनी चहा उभ्यानेच घेतला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझं काम तपासलं आणि त्या उरलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "ही कशाला ठेवलीत? कधी उपयोगी पडलीय का?"

"पडलीय की सर," मी म्हटलं, "काल संध्याकाळी."