साडूपेक्षा भारी सहल

यज्ञेशनं ठरवलं म्हंजी ठरवलं! यंदा शंतनूरावांना जळवायचंच!

आता शंतनूराव कोण? तर यज्ञेशचे थोरले साडू, पुण्याचे. नीरजाताईला, म्हंजी यज्ञेशच्या थोरल्या मेव्हणीला, घेऊन व्हिएन्नाला जाऊन आले. आले ते आले, वर रोज सकाळी घरच्या ग्रुपवर फोटो! आज केक, उद्या वाइन, परवा व्हायोलिनवाल्याच्या मांडीवर बसल्यासारखे पहिल्या रांगेत! इकडं तुळजापुरात यज्ञेश ते फोटो बघत उप्पीट खायचा आणि उप्पीट मातीसारखं लागायचं. त्यात बायको, भैरवी, म्हणायची, "भावजींना काय हौस हो!" झालं! गडी जळून कोळसा!

व्हिएन्ना काय परवडत न्हाय. पण खाणं, वाइन, गाणं, तिन्ही एकाच गावात पायजे! नाशिक? तिथं शंतनूराव उठसूट जातात. हैदराबाद? तिथली बिर्याणी उमरग्याचे ट्रकवाले रोज खातात, त्यात कसली ऐट! शेवटी घावली पणजी! नदीकाठचं लई महागडं हॉटेल, दर पदार्थाला वेगळी वाइन, गच्चीवर गिटार. आणि नशीब बघा, नेमकी एकच खोली उरलेली! पठ्ठ्यानं कुणालाच न विचारता बटण दाबलं. लगेच ग्रुपवर, "आम्ही चाललो पणजीला! खास रसिकांची सहल!" खाली तारखा.

ग्रुप एकदम गप्प. यज्ञेश खूश. जळले वाटतं!

तेवढ्यात त्याचे वडील विष्णुपंत, म्हंजी तुळजापूरचे जुने पुजारी, ग्रुपवरच्या तारखा वाचून सोप्यातनं ओरडले, "यज्ञ्या! त्या दिवशी काय हाय?"

"शनिवार, आबा."

"घट बसतात, गाढवा!"

पुजाऱ्याचं पोरगं नवरात्र विसरलं! तेबी तुळजापुरात! घरात घट, नऊ दिवस उपास, गावोगावचे भाविक उतरायला, आणि घटावर रोज माळ चढवायची ती यज्ञेशनंच. त्यानं हॉटेलला फोन लावला. पलीकडची पोरगी मधाळ आवाजात म्हणाली, "तारीख बदलत नाही, पैसेही परत मिळत नाहीत सर. पाहुण्याचं नाव बदलून देऊ?"

तोवर ग्रुपवर शंतनूराव हजर. "यज्ञेशराव, नवरात्रात वाइन?" खाली हसून लोळणारे पिवळे चेहरे!

 भैरवीनं यज्ञेशचा फोन ओढला आणि टकाटका काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंस?"

"तुमची अब्रू वाचवली."

वाचतो तर काय! "शंतनूराव, गंमत केली! ही तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट! तुमच्याकडं कुठं घट बसतो? तुम्ही या जाऊन!"

"अगं, त्यांनाच?"

"मग खोली वाया घालवायची? बघा की, समदे तुमचं किती कौतुक करतायत!"

खरंच की! सासरेबुवांनी तर लिहिलं, "साडू असावा तर असा!"

पहिल्या माळेला यज्ञेश भगर चिवडत बसला होता आणि फोन वाजला. शंतनूरावांचा फोटो! गच्ची, गिटार, लाल वाइन, मागं नदी. "यज्ञेशराव, व्हिएन्ना काहीच नाही हो! निवड एक नंबर!"

यज्ञेश तडक घटापुढं जाऊन उभा ऱ्हायला. माळ सारखी केली, डोळे मिटले आणि कळवळून म्हणाला, "आई, पुढल्या साली आमच्या साडूच्या घरीबी घट बसव!"

मनात म्हणायचं होतं, निघालं मोठ्यानं. मागं उभ्या भाविकांनी हात जोडले.

"साडूसाठी मागतोय! काय मोठं मन! आई राजा उदो उदो!"