शेजारी काय चालू आहे?

"पाच मिनिटं. पाच मिनिटांत नात तुझ्या पुढ्यात," असं बायकोला सांगून फ्यूजकाकांनी बाह्या सरसावल्या. चौतीस वर्षं त्यांनी वायरमनचं काम केलं होतं. ज्या घरी गेले तिथला फ्यूज उडवल्याशिवाय परतले नाहीत, म्हणून हे नाव पडलं होतं.

नात चार दिवसांची आणि साता समुद्रांपलीकडे. लेकीने तिचा पहिला फोटो मेलवर पाठवला होता आणि सहाला ती फोन करणार होती. फोटो उघडला खरा, पण लेकीने मागे ठेवलेला तो जुना, पोट सुटलेला मॉनिटर असा थरथरत होता की पोरीला नाक एक की चार, ते सांगता येईना.

"अहो, थंडीने कुडकुडतेय ती," काकू कळवळून म्हणाल्या.

"ती नाही, मॉनिटर कुडकुडतोय."

काकांनी केबल पिळून घट्ट केली, प्लग बदलला, टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवला. मॉनिटर तापला असेल म्हणून बाजूच्या टेबलफॅनचा वेगही वाढवला. नात आणखीच जोरात हलू लागली. बघता बघता साडेपाच झाले. शेवटी अभिमान गिळून त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"मॉनिटरला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "शेजारी काही चालू आहे का?"

काकांनी कान दिला. भिंतीपलीकडे गाण्याच्या बाईंची तान रंगात आली होती.

"चालू आहे की. रोजचंच आहे."

"मग ते आधी बंद करा. त्यानेच हलतंय."

काका थक्क झाले. उभा जन्म विजेत गेला, पण माणसाच्या गळ्यातून निघालेला सूर वीतभर भिंत ओलांडून काचेमागचं चित्र हलवतो, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. एवढी ताकद भिंतीला भिंत लावून राहत होती आणि आपण तिला कटकट म्हणत होतो, याची त्यांना लाज वाटली. ते तडक शेजारी गेले.

"बाई, तुमच्या तानेने माझी नात हलतेय."

बाई आधी तापल्या, मग सगळं ऐकून विरघळल्या. "चाळीस वर्षं गातेय," त्या हळूच म्हणाल्या, "पण समोरचा माणूससुद्धा कधी हलला नाही हो." आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला त्या अनवाणीच निघाल्या.

मॉनिटरसमोर बसता बसता म्हणाल्या, "तो पंखा बंद करा आधी. माझ्या गळ्याला वारा चालत नाही." काकांनी पंखा बंद केला, बाईंनी डोळे मिटून सूर लावला, आणि चित्र जागच्या जागी थांबलं.

"तानेने हलतं आणि सुराने थांबतं," काका पुटपुटले. त्यांच्या अंगावर काटा आला होता.

काकूंना मात्र उकडत होतं. त्यांनी पंख्याचं बटण दाबलं. नात हलली. बंद केलं, थांबली. पुन्हा दाबलं, पुन्हा हलली. बाईंचा सूर आपला चालूच होता. काकूंनी बटणावरचं बोट न काढता नवऱ्याकडे पाहिलं.

"पंख्याच्या मोटरचं चुंबक," काका पडेल आवाजात म्हणाले. "तो दुरुस्तीवाला मॉनिटरच्या शेजारचं विचारत होता."

"बाईंना सांगू नका," काकू कुजबुजल्या आणि त्यांनी पंखा कायमचा बंद केला.

मग दोघं पडद्याकडे वळली. नाक एकच होतं, आणि केवढंसं. गालाशी मिटलेली मूठ होती, आणि त्या मुठीच्या प्रत्येक बोटाला तांदळाच्या कणीएवढं, पण अगदी पुरं नख होतं. काकांनी घरंच्या घरं उजळवली होती, पण इतकं बारीक आणि इतकं बिनचूक काम त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांना श्वास मोठ्याने घ्यायचीही भीती वाटू लागली.

सहाला फोन वाजला.

"बाबा, पाहिलीत का? कशी आहे?"

काकांना सगळंच सांगायचं होतं. नाक, मूठ, नखं. पण तोंडून निघालं ते एवढंच, ज्यासाठी इतका वेळ झटले होते.

"स्थिर आहे."



"बाबा, मुलगी झालीये मला. आयसीयूतून बाहेर आलेल्या डॉक्टरसारखं काय बोलताय? आईला द्या बघू फोन."