लाल ठिपक्याची जोडी

लाइट गेली तेव्हा फोनमध्ये चार टक्के उरले होते, आणि त्या चार टक्क्यांत एक पिवळं बदक नाचत होतं.

“आण तो इकडे!” सूनबाईने छोटीच्या हातून फोन ओढून घेतला. छोटीने आधी फोनकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि घरात आता आपलं कोणी उरलं नाही अशा आवाजात भोकाड पसरलं.

तिचंही फारसं चुकत नव्हतं. आजोबा गेल्याला महिना होत आला होता आणि तेव्हापासून ते घर एकेक करून बंद पडत चाललं होतं. आधी टीव्हीचा रिमोट गेला. मग वजनाचा काटा गेला, मग टॉर्च, मग गॅसचा लायटर. आजोबा, म्हणजे सूनबाईचे सासरे, आयुष्यभर बसमध्ये तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाल्यावर तपासायला प्रवासी उरले नाहीत, तेव्हा त्यांनी घरातले पेन्सिल सेल हाती घेतले. घरात सेलवर चालणारी जी म्हणून वस्तू होती, तिच्यात चार्जिंगचेच सेल. दर रविवारी ते सगळे सेल गोळा करून खुर्चीत बसत, एकेकाला काट्याच्या छोट्या मीटरला लावत आणि ज्याचा काटा हलला नाही त्याला म्हणत, “चला, उतरा.” मग त्याच सेलला चार्जरमध्ये बसवताना म्हणत, “चढा पटपट. मागच्यांना जागा द्या.”

सेलच्या त्यांनी जोड्या लावल्या होत्या. बायकोची नेलपॉलिश मागून घेऊन प्रत्येक जोडीवर एका रंगाचा ठिपका. निळा निळ्याबरोबर, हिरवा हिरव्याबरोबर. “जोडी फोडायची नाही,” ते बजावत. “एक दमलेला आणि एक ताजा असे एकत्र बसवले की दमलेला ताज्यालाही घेऊन बसतो.”

“सेलबद्दल बोलताय की माझ्याबद्दल?” सासूबाई विचारायच्या.

त्या महिन्यात त्यांचा चार्जर उघडायचं कोणाला धाडस झालं नव्हतं. त्याच्यावर धूळ बसली होती आणि ती पुसायचंही नाही असं न बोलताच ठरलं होतं.

सूनबाईचा नवरा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. वडील गेले तेव्हा जहाज भर समुद्रात, उतरणार कुठे? त्यानंतर दोनतीनदा त्याचा फोन आला, पण सासूबाई फोनपाशी आल्या नाहीत. “बरी आहे म्हणावं मी,” एवढं सांगून भिंतीकडे तोंड करायच्या. आज जहाज बंदरात होतं. दुपारी ते निघणार आणि मग कित्येक आठवडे फोन लागणार नव्हता. काल तो बायकोला म्हणाला होता, “काहीही कर, पण उद्या आईला फोनवर आण. ती माझ्यावर रागावलीय का, तेवढं तरी कळू दे. मला इथे भाजीत मीठ घातलंय की नाही तेही आठवत नाही.”

आणि आता फोनमध्ये चार टक्के.

सासूबाईंचं निराळंच झालं होतं. त्यांना आधीपासूनच कमी ऐकू यायचं. गळ्यात मशीनची डबी अडकवलेली असायची, तिची वायर कानात. पण नवरा गेल्यापासून वायर कानात असूनही त्यांना काही पोचेना. काहीही विचारा, त्या मान हलवून “हो हो” म्हणत. दूधवाल्याने विचारलं, जास्त दूध टाकू का? हो हो. तेव्हापासून घर दुधात बुडालं होतं. शेजारीण म्हणाली, गावाला जातेय, मांजर ठेवाल? हो हो. शेजारीण केव्हाच परतली. मांजराने मात्र, दूध पाहून, परत जायला नकार दिला. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय, त्यांच्याशी हळुवार बोला. सगळे हळुवार बोलू लागले आणि त्यामुळे उरलंसुरलंही त्यांना ऐकू येईनासं झालं.

सूनबाईने खिडकीतून खाली पाहिलं. सगळी गल्लीच अंधारात होती म्हणायचं, पण भर दिवसा अंधार दिसणार कसा? तेवढ्यात तिला कपाटातली डबी आठवली. चार सेल घातले की फोन चार्ज करणारी ती डबी सासऱ्यांनी मोठ्या कौतुकाने आणली होती. कोणालाच ती कधी लागली नव्हती. “हसा,” ते म्हणायचे, “एक दिवस सगळे या डबीपाशी याल.”

“आले हो बाबा,” सूनबाई कपाट उघडत म्हणाली.

डबी मिळाली. आता चार सेल. खणातले सगळे सेल उतरलेले निघाले. दाराच्या बेलमध्ये दोन होते, निळ्या ठिपक्याचे. तिने काढले. छोटीच्या क्वॅकक्वॅक करणाऱ्या बदकात दोन होते, हिरव्या ठिपक्याचे. फोनमधलं बदक गेल्यावर छोटी याच बदकावर कशीबशी गप्प झाली होती. सूनबाईने बदक उलटं करून त्याचं पोट उघडलं तेव्हा छोटीने असा टाहो फोडला की पलंगाखालचं मांजर बाहेर येऊन पाहून गेलं.

डबीचा दिवा लागला. फोन एकदा थरथरला. मग दिवा गेला.

मीटर लावल्यावर कळलं, बदकाचा एक सेल जवळजवळ गेलाच होता, दुसरा जाण्याच्या बेतात होता. सूनबाई स्टुलावर चढली आणि तिने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. त्यात एकच सेल, लाल ठिपक्याचा. घड्याळ थांबलं, आता किती वाजले हे सांगणारंही घरात काही उरलं नाही. तिने लाल सेलच्या शेजारी त्यातल्या त्यात बऱ्या हिरव्याला बसवलं. दिवा लागला, फोन पाच टक्क्यांवर आला, आणि हिरव्याने सासऱ्यांनी सांगितलं होतं तेच केलं. सगळ्यांना घेऊन बसला.

“आणखी एकच सेल हवा होता हो,” ती डबीकडे पाहत पुटपुटली. छोटी रडत होती. बेलशिवायचं दार, आवाज नसलेलं बदक, थांबलेलं घड्याळ. ती त्या पसाऱ्यात जमिनीवरच बसली.

सासूबाई मघापासून पलंगावरून पाहत होत्या. त्या उठून आल्या. सुनेच्या हातातला लाल ठिपक्याचा सेल त्यांनी दोन बोटांत धरला, खिडकीपाशी नेऊन निरखला.

“याची जोडी माझ्याकडे आहे,” त्या म्हणाल्या.

त्यांनी गळ्यातली डबी हातात घेतली, तिचं बटण सरकवलं. बारीक शिट्टी वाजली. सूनबाईने चमकून वर पाहिलं. महिनाभरात ती शिट्टी तिने ऐकली नव्हती.

“आई, म्हणजे हे मशीन...”

“बंदच होतं.” सासूबाई खोलीत पाहत होत्या, जणू आवाज कुठे कुठे ठेवलेत ते शोधत होत्या. “छोटीचा घसा बसलाय गं. काढा दे तिला. आणि ते मांजर कुणाचं आहे?”

“आई, तुम्ही महिनाभर बंद ठेवलंत?”

“त्या दिवशी सकाळी यांनी सेल भरून दिला. म्हणाले, आता आठवडाभर बघायला नको. चालू केलं की संपणार. म्हणून केलं नाही. त्यांनी भरलेलं तेवढंच उरलंय आता.”

“नको आई. राहू द्या तो. मी दुसरं काहीतरी बघते.”

“आत्ता मला ऐकू येतंय, तेव्हा खोटं बोलू नकोस. दुसरं काही आहे का घरात?”

दूध होतं. दुसरं काही नव्हतं.

सासूबाईंनी नखाने झाकण उघडलं, सेल काढला आणि सुनेच्या तळहातावर ठेवला. लाल शेजारी लाल बसला. डबीचा दिवा लागला आणि लागूनच राहिला. फोन सहा झाला, सात झाला. सूनबाईचा जीव भांड्यात पडला आणि पडता पडता तिच्या लक्षात आलं.

“पण आई, आता फोन आला तर तुम्ही ऐकणार कशा?”

“हो हो,” सासूबाई म्हणाल्या.

फोन वाजला. सूनबाईने स्पीकर लावला. “आलीय?” नवऱ्याने विचारलं. “समोर आहेत, पण ऐक, त्यांना...” तेवढ्यात सासूबाईंनी फोन पुढ्यात ओढून घेतला, आणि त्या जुन्या माणसांसारख्या, समुद्रापलीकडे पोचेल अशा आवाजात बोलू लागल्या.

“बोललास ना? मला ऐकू येत नाही. कान काढून फोनला दिलाय. तेव्हा तू गप बस, मीच बोलते.”

त्या फोनसमोर मांडी घालून बसल्या.

“त्या दिवशी सकाळी तुझे बाबा सेल तपासत बसले होते. मी आत कणीक मळत होते. बाहेरून म्हणाले, चला, उतरा. मी म्हटलं, आज कोणाला उतरवताय? तर बोललेच नाहीत. मी आपली मळतच राहिले. सेललाच म्हणाले असतील असं वाटलं रे मला. चांगली भिजवून झाकून ठेवली कणीक, आणि मग बाहेर आले.”

फोनमधून रडण्याचा आवाज यायला लागला. सूनबाईने तोंडावर पदर धरला.

“काय म्हणतोय?” सासूबाईंनी तिला विचारलं.

पोटचा मुलगा हुंदके देतोय हे खुणेने कसं सांगायचं? सूनबाईच्या हाताला जे पहिलं सुचलं ते तिने केलं. पाच बोटं जुळवून तोंडाकडे नेली. जेवलात का विचारतोय.

“याला दुसरं काही सुचतच नाही,” सासूबाई म्हणाल्या. “स्वयंपाकी झाला तरी तेच.” मग पुन्हा फोनकडे वळल्या. “तू आला नाहीस. सगळे म्हणाले, तो कसा येणार, समुद्रात आहे. मलाही कळत होतं ते. तरी मी तुझ्यावर रागावले. फार रागावले होते.” त्यांनी फोन आणखी जवळ ओढला. “आता नाही. आता कुणावर रागावू? तू नीट राहा, म्हणजे झालं.”

त्या बोलतच राहिल्या. डबीचा दिवा गेला आणि फोनची काच काळी झाली, ते त्यांना चष्म्याशिवाय दिसलं नाही. सूनबाईला दिसलं. तिने काही सांगितलं नाही. त्या लहानपणच्या त्याच्या तापाविषयी बोलल्या, बाबांच्या चपला अजून दाराशीच आहेत हे बोलल्या, आणि बोलून बोलून दमल्या तेव्हा गप्प झाल्या.

तेवढ्यात दारावर धडाधड थापा पडल्या. खालच्या मजल्यावरचा वायरमन होता.

“काय वहिनी, बेल बिघडलीय तुमची! दोनदा येऊन गेलो. आत पोरगी रडतेय, आजी ओरडतायत. म्हटलं घरातलं काही चाललंय, आपण मध्ये कशाला पडा.”

“काय झालं?”

“लाइट येऊन किती वेळ झाला. तुमचंच मेन पडलंय फक्त.” त्याने दारामागे हात घालून खटका वर केला.

पंखा फिरू लागला. फ्रिज कण्हला. सूनबाई तशीच उभी राहिली. तिने सासूबाईंच्या कानातल्या रिकाम्या वायरीकडे पाहिलं आणि तिला वायरमनचे आभारही मानता आले नाहीत.

भिंतीच्या चार्जरला लावताच फोन जागा झाला आणि लगेच वाजला.

“कट झाला गं मध्येच,” नवऱ्याचा आवाज पार फाटला होता. मागे जहाजाचा भोंगा वाजत होता. “फार रागावले होते म्हणाली आणि कट झाला. पुढे काय म्हणाली? अजून रागावलीय?”

“अरे नाही, पुढे त्या म्हणाल्या...”

“तू नको सांगूस. तू माझं मन राखशील. तिलाच विचार.”

सूनबाईने फोन सासूबाईंच्या पुढ्यात धरला, हाताने खुणावलं, पुन्हा सांगा. परत एकदा. सासूबाईंना काही उलगडेना. एवढं सगळं सांगून झालं, आता हा आणखी काय विचारतोय? मग त्यांना आठवलं. एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं खरं.

त्या फोनवर वाकल्या.

“जेवले रे राजा,” त्या म्हणाल्या, “जेवले मी. तूही जेवून घे वेळेवर.”

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“बास,” तो म्हणाला. “कळलं मला.” आणि भोंग्यात त्याचा आवाज बुडाला.

सासूबाईंनी डबी उघडली. लाल ठिपक्याचे दोन्ही सेल अजून गरम होते. त्या बराच वेळ ते मुठीत धरून बसल्या. छोटी त्यांच्या मांडीवर झोपून गेली तरी बसल्या होत्या. मूठ गार झाली तेव्हा उठल्या, पदराने चार्जरवरची धूळ पुसली आणि दोघांना शेजारी शेजारी बसवलं.

“चला,” त्या म्हणाल्या, “चढा.”