गंगाबाईंच्या पायांतली संध्याकाळ

गंगाबाईंना बक्षीस नको होतं. त्यांना वेणूचं पडलेलं तोंड बघायचं होतं, बस्स! वेणू म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. गावातल्या साठीपुढच्या बायकांच्या चालण्याच्या शर्यतीत ती सलग तीन वर्षं पहिली आली होती आणि दर हळदीकुंकवाला तोच विषय काढत होती.

"शर्यत संध्याकाळी ठेवा मनावं," गंगाबाई नातीला म्हणाल्या. "संध्याकाळी मी वेणूला पार मागं टाकीन. सकाळी सातला पायच उचलत नाय गो माजे."

नात चारुता पनवेलच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होती. तिला तर निमित्तच हवं होतं. "आजी, शरीरातल्या प्रत्येक पेशीत घड्याळ असतं. संध्याकाळी अंग सगळ्यात गरम, म्हणून पाय जोरात चालतात. आपण पहाटे अंग तापवू, संध्याकाळी गार करू. पेशींना पहाटच संध्याकाळ वाटेल! फक्त मेंदूतलं मुख्य घड्याळ उष्णतेला दाद देत नाही."

"मंजे डोक्याला कळू द्यायचं नाय आनि बाकीच्यांना वळवायचं? चाळीस वरसं या घरात तेच करते मी!" गंगाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. काशीराम शांतपणे पेपर वाचत होते.

मग दहा दिवस पहाटे कढत पाण्याची आंघोळ, दोन गोधड्या आणि कुळथाचं कढण. संध्याकाळी एसी अठरावर आणि कपाळावर ओला पंचा. सहाव्या दिवशी गंगाबाई सकाळी दहालाच रात्रीचं जेवण मागू लागल्या. नवव्या दिवशी सकाळी सातला त्या वेशीपर्यंत अशा सुटल्या की चारुताला मागून पळावं लागलं.

"हिचं कायतरी बिघडलंय," काशीराम म्हणाले.

शर्यतीच्या दिवशी सातला गंगाबाई पदर खोचून तयार. पण प्रमुख पाहुण्यांशिवाय शिट्टी कशी वाजणार? आणि पाहुण्यांची गाडी पळस्प्याच्या नाक्यावर वाहतुकीत अडकलेली. आठ वाजले, नऊ वाजले, दहा वाजले. अकराला पाहुणे उतरले, तेव्हा गंगाबाईंच्या पायांत रात्रीचे नऊ झाले होते. त्या उभ्या उभ्या डुलत होत्या.

"आजी, झोपू नको ना!" चारुता रडकुंडीला आली.

"बाय, तुमी घरी जाऊन निजा," वेणू केळं सोलत म्हणाली. "शर्यतीचं आमी बगतो."

शिट्टी वाजली. शर्यत होती देवळापर्यंत आणि गंगाबाईंचं घर देवळामागे. त्यांना ना शर्यत दिसत होती ना माणसं, दिसत होती फक्त गादी. अर्धे डोळे मिटून त्या तरातरा निघाल्या. "सरक गो!" म्हणत त्यांनी वेणूला मागं टाकलं, फीत तोडली आणि न थांबता तशाच पुढं गेल्या.

"अहो आजी, बक्षीस!" पाहुणे ढाल घेऊन मागं धावले.

"सकाळी या," गंगाबाई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

त्या उठल्या तेव्हा उन्हं कलली होती. "शर्यत?" त्या ताडकन बसल्या.

"जिंकलीस आजी! पहिली आलीस!"

"आनि वेणूचं तोंड? ते बगायचं राहिलंच की गो!" गंगाबाईंचे डोळे भरून आले.

कोपऱ्यात हालचाल झाली. घरचीच म्हणून ढाल पोहोचवायचं काम वेणूच्याच गळ्यात पडलं होतं. मांडीवर ढाल घेऊन ती दुपारपासून बसून होती.

"घ्या बाय, तुमची ढाल," ती पुटपुटली.

"घेते सावकाश," गंगाबाई उशीला टेकून म्हणाल्या. "आदी जरा खिडकीपाशी बस, वेणू. इकडं उजेड कमी हाय."