करंगळीवरचा नमुना

रंगातलं मला कळतं, हे आधीच सांगून टाकतो. निम्मं आयुष्य मी रंगाच्या कंपनीत काढलं आहे. (हिशेब विभागात. पण वास तिथेही येतो.) त्यामुळे व्याह्यांना पहिल्यांदा भेटायच्या आदल्या संध्याकाळी आमची चिनात्सु शंभर येनच्या दुकानातून नेलपॉलिश घेऊन आली आणि तिची आई रित्सुको, "शी! काळं काय, त्यात चमकी काय! व्याही काय म्हणतील?" असं म्हणाली, तेव्हा मी मध्ये पडणं भागच होतं.

"बाटलीत बघून रंग कळत नसतो," मी म्हणालो. "आधी नमुना लावून बघायचा."

"आणि तो कुणाला लावायचा?"

मी डावी करंगळी पुढे केली. चिनात्सुने रंगाचे दोन हात मारले. निळसर काळा रंग, आत चांदीची चमकी. खरं सांगतो, मला तो बेहद्द आवडला. नंतर टीव्ही बघताना मी रिमोटसुद्धा डाव्या हातात धरला. रित्सुकोने मात्र रंग नापास केला, चिनात्सुने निमूट फिकट गुलाबी लावला आणि मला दोघींनी बजावलं, "रात्रीच पुसून टाका हं."

"रंगातलं मला शिकवू नका," असं म्हणून मी झोपलो.

सकाळी मायलेकी किमोनो नेसायला पार्लरमध्ये गेल्या आणि मी पुसायला बसलो. रंग अर्धामुर्धा निघाला, चमकी जागची हलेना. थिनर झालं, दात घासायचा ब्रश झाला, शेवटी भांड्यांची तारेची घासणी घेतली. चमकी शाबूत राहिली, करंगळी तेवढी सोलून निघाली. मग मी लाल औषध चोपडलं आणि वर चांगली जाडजूड पट्टी गुंडाळली. नखाला चमकी लावलेला सासरा कोणाला आवडेल?

आता, काळा सूट, बारीक कापलेले केस आणि करंगळीला रक्ताळलेली पट्टी असा माणूस दिसला की आमच्या जपानात लोकांच्या मनात काय येतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. याकुझांच्या टोळीत चूक झाली की करंगळीचं पेर कापून वरच्या दादापुढे ठेवावं लागतं. पण हे सगळं दुसऱ्याची करंगळी बघून आठवतं. स्वतःची बघून मला फक्त पट्टी नीट बसली का, एवढंच दिसलं.

मुलाचे वडील मोरिवाकीसान म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, अगदी मवाळ गृहस्थ. हॉटेलात जेवायला बसल्यावर साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतायला ते पुढे झाले. मी रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी पेला धरला. त्यांची नजर पट्टीवर गेली आणि साके मेजावर सांडली.

"हा... हाताला काय झालं?"

"किरकोळ आहे हो. चूक माझीच होती, ती करंगळीला भोवली."

"अरे बापरे. फार दुखलं असेल."

"पहिलीच वेळ ना. पुढच्या वेळी चिनात्सुला सांगेन. तिचा हात हलका आहे."

मुलगा शुन्पेइ चिनात्सुकडे बघतच राहिला. त्याच्या आईने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"आपण कामाला कुठे म्हणालात?" मोरिवाकीसाननी हळूच विचारलं.

"नावाला रंगाची कंपनी. माझ्याकडे वसुली असते."

"लोक देतात?"

"मी नुसता समोर जाऊन बसलो तरी देतात!" (हे जरा वाढवून सांगितलं. व्याह्यांपुढे चालतं.)

मोरिवाकीसाननी घाम पुसला. "मुलं अजून लहान आहेत. आम्ही जरा विचार करून कळवतो."

विचार करून कळवतो! चिनात्सुने डोळ्यांना रुमाल लावला. जेवण उत्तम चाललं होतं, मी एवढा छान बोलत होतो, मग बिघडलं कुठे? तेवढ्यात तिने माझ्या हाताकडे बघितलं.

"बाबा, पट्टी सोडा."

"अगं, इथे? चारचौघांत?"

"अहो, सोडा म्हणते ना ती!" रित्सुको कडाडली. "मोडतंय पोरीचं लग्न तुमच्या करंगळीपायी!"

मी पट्टी सोडू लागलो. विहीणबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. वेढ्यामागून वेढा निघाला आणि शेवटी करंगळी बाहेर आली, लालबुंद आणि वर काळी चमचम.

मोरिवाकीसाननी ती टोकापर्यंत चाचपून बघितली. "अख्खी आहे!" ते इतक्या जोरात ओरडले की स्वयंपाकघरातून माणसं बाहेर आली. मग चिनात्सुने नमुन्याची सगळी हकिकत सांगितली, विहीणबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि तिथल्या तिथे लग्न ठरलं.

परतताना मी खुशीत होतो. "काही म्हणा, मुख्याध्यापक माणूस मला बघून टरकला. माझ्यात काहीतरी जरब असणारच. टोळीचा दादाच समजले मला!"

"दादा नाही हो, बाबा," चिनात्सु म्हणाली. "शुन्पेइच्या आईने सांगितलं मला. त्यांना वाटलं, तुम्ही टोळीत चहा देत असाल आणि तो कुणाच्या तरी अंगावर सांडला असेल."